काषाय : बौद्ध भिक्षूंच्या चीवराच्या रंगाचा इतिहास

बौद्ध भिक्षूचे वस्त्र म्हणजे भगवे किंवा पिवळे वस्त्र, हे समीकरण सर्वसाधारण वाचकाच्या मनात पक्के बसलेले असते; प्रत्यक्षात मात्र तिबेटी विहारातील भिक्षू गडद तांबडे वस्त्र नेसतो, जपानमधील झेन भिक्षू काळे, कोरियातील भिक्षू राखाडी, म्यानमारमधील मरून आणि थायलंडमधील नारिंगी वा तपकिरी. ही विविधता लक्षात आली की दुसरा गैरसमज पुढे येतो, तो असा की प्रत्येक रंगामागे एखादा गूढ संकेत असला पाहिजे, म्हणजे अमुक रंग अमुक पदवीचा, तमुक रंग तमुक साधनेचा. प्राचीन ग्रंथ, शिलालेख आणि प्रवासवृत्ते यांचा पुरावा एकत्र पाहिला असता या दोन्ही समजुतींना फारसा आधार सापडत नाही. बौद्ध विनयाने, म्हणजे भिक्षू-भिक्षुणींच्या आचारनियमांनी, वस्त्राला एकच एक रंग कधी नेमून दिला नाही. वस्त्र कसे रंगवावे आणि कोणते रंग टाळावेत एवढेच त्याने सांगितले, आणि उरलेला निर्णय निरनिराळ्या देशांतील झाडांनी, राजसत्तांनी आणि अखेरीस रासायनिक रंगांच्या कारखान्यांनी घेतला.

महावग्गातील रंगकाम

थेरवाद परंपरेच्या पाली विनयपिटकात महावग्ग नावाचा भाग असून त्याचे आठवे प्रकरण सर्वस्वी चीवरासंबंधी, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रासंबंधी आहे. भिक्षूला तीन वस्त्रे विहित आहेत : कमरेखाली नेसायचे अंतरवासक, अंगावर घ्यायचे उत्तरासंग आणि थंडीवाऱ्यासाठी दुहेरी शिवलेली संघाटी. ही वस्त्रे कापूस, रेशीम, लोकर, ताग, जवस इत्यादी सहा प्रकारच्या धाग्यांची असू शकत. कापडाच्या जातीविषयी नियम असे सैल ठेवले असताना ते तयार करण्याच्या रीतीविषयी मात्र ग्रंथ आश्चर्यकारक बारकाईने बोलतो. आरंभी भिक्षू शेणाने आणि पिवळसर मातीने वस्त्रे रंगवीत आणि त्यामुळे ती विद्रूप दिसत, असे सांगून ग्रंथ सहा प्रकारच्या वनस्पतिजन्य रंगांना बुद्धाने दिलेली अनुज्ञा नोंदवतो : मुळाचा, खोडाच्या लाकडाचा, सालीचा, पानाचा, फुलाचा आणि फळाचा रंग.

यानंतरचा मजकूर एखाद्या रंगाऱ्याच्या हातपुस्तिकेसारखा आहे. न उकळलेल्या रंगात बुडवलेल्या वस्त्रांना दुर्गंधी येऊ लागली म्हणून रंग उकळण्याची आणि त्यासाठी भांडे ठेवण्याची परवानगी मिळाली. रंग शिजला की नाही हे कळेना, म्हणून त्याचा थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पारखण्याची रीत सांगितली गेली. पुढे दांड्याची पळी आली आणि वस्त्र भिजवण्यासाठी लाकडी डोणी आली. वस्त्रे जमिनीवर वाळत घातल्याने धुळीने माखली म्हणून गवताच्या अंथरणाची, ते अंथरण वाळवीने खाल्ले म्हणून बांबूची आणि दोरीची, दोरीवर मधोमध टाकल्याने रंग दोन्ही बाजूंनी ओघळू लागला म्हणून वस्त्र कोपऱ्याला बांधण्याची अशा एकामागून एक अनुज्ञा येतात. काषाय या शब्दाचा या संदर्भातील अर्थ वनस्पतींच्या काढ्यात रंगवलेले वस्त्र असाच आहे. काढा कशाचा आणि तो किती दाट, यावर छटा ठरे. त्यामुळे एकाच विहारातील दोन चीवरेही रंगाने तंतोतंत सारखी असण्याची शक्यता थोडी होती.

ही रीत वर्षातून एकदा सामुदायिक रूपही घेते. वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी राहण्याचा काळ, संपल्यावर उपासकांकडून कापडाचे दान स्वीकारण्याचा कठिन नावाचा विधी असतो, आणि त्या कापडाचे चीवर त्याच दिवसात कापून, शिवून व रंगवून पुरे करावे लागते. पुढच्या सूर्योदयापूर्वी काम संपवायचे असल्यामुळे विहाराच्या आसपास जे झाड हाताशी असेल त्याचाच रंग वापरला जाणे स्वाभाविक होते.

निषिद्ध रंग आणि केशराचा भ्रम

त्याच प्रकरणात पुढे काही रंगांची स्पष्ट मनाई येते. संपूर्ण निळे, संपूर्ण पिवळे, संपूर्ण रक्तवर्ण, संपूर्ण मंजिष्ठवर्णाचे आणि संपूर्ण काळे चीवर वापरू नये, असे सांगून महारंग आणि महानाम या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आणखी दोन छटाही त्यात जोडल्या आहेत. अशी वस्त्रे पाहून लोक टीका करू लागले की हे तर विषयसुख भोगणाऱ्या गृहस्थांसारखेच दिसतात, असे मनाईचे कारण ग्रंथात दिले आहे. रंग अपवित्र असल्याचा आक्षेप येथे कोठेही नाही; झगझगीत, एकसारखा आणि महाग रंग हा श्रीमंतीचा दिखावा होता, म्हणून तो वर्ज्य ठरला. ज्या पिवळ्या वस्त्राला आज बौद्ध भिक्षूची ओळख मानले जाते, ते निखळ पिवळे असेल तर पाली विनयाप्रमाणे निषिद्धच ठरते.

पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाने विनयावर समन्तपासादिका ही अट्ठकथा, म्हणजे भाष्य, रचली आणि तिने सहा रंगद्रव्यांतील अपवाद नावानिशी नोंदवले. मुळांपैकी हळद, लाकडांपैकी मंजिष्ठा, सालींपैकी लोध्र, पानांपैकी नीळ आणि फुलांपैकी पळस व करडई ही या यादीतील ओळखीची नावे होत. महाराष्ट्रात रंगपंचमीसाठी पळसाची फुले उकळून केशरी पाणी करण्याची प्रथा जुनी आहे आणि करडईच्या फुलांपासून होणारा कुसुंबी रंग जुन्या काळी लुगड्या-शेल्यांसाठी नावाजलेला होता. म्हणजे आज ज्याला भगवा म्हटले जाते, तो उजळ केशरी रंग ज्या फुलांतून सहज निघतो, नेमकी तीच फुले भाष्यकाराने वगळली. उरलेल्या साली, मुळे आणि लाकडे यांच्या काढ्यातून बहुधा मळकट पिवळा, तपकिरी, विटकरी किंवा तांबूस करडा रंग मिळे.

इंग्रजी लेखनातून रूढ झालेल्या केशरी वस्त्रांच्या कल्पनेने आणखी एक भ्रम पसरवला आहे, तो म्हणजे ही वस्त्रे केशराने रंगवली जात. एक किलो केशरासाठी लाखाहून अधिक फुलांचे तंतू खुडावे लागतात आणि ते पीक मोजक्याच थंड प्रदेशांत येते. भिक्षेवर जगणाऱ्या आणि फेकलेल्या चिंध्यांपासून वस्त्र शिवण्याची परंपरा असलेल्या संघाने असे द्रव्य वापरणे व्यवहारतःच अशक्य होते. केशर आणि हळद या दोहोंचा रंग उन्हात लवकर विटतो, हीदेखील त्यांची अडचण आहे. केशरी हे रंगाचे वर्णन आहे, द्रव्याचे नाही, एवढे ध्यानात घेतले की हा घोळ मिटतो.

किंमत उतरवण्याची रीत

रंगाचा नियम एकटा वाचला तर त्याचा हेतू कळत नाही. तो वस्त्राच्या इतर नियमांबरोबर वाचावा लागतो. आरंभीचे भिक्षू पांसुकूल, म्हणजे उकिरड्यावर, रस्त्यावर किंवा स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या, गोळा करून जोडीत. राजगृहाचा प्रसिद्ध वैद्य जीवक याने आपल्याला मिळालेली मौल्यवान वस्त्रे बुद्धाला अर्पण करताना गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्याची मुभा संघाला द्यावी अशी विनंती केली आणि ती मान्य झाली. येथून नवे, चांगले कापड संघात येऊ लागले, तेव्हा त्याची बाजारातील किंमत नाहीशी करण्याची व्यवस्था आवश्यक झाली. मगध देशातील बांध घातलेल्या चौकोनी शेतांकडे बोट दाखवून बुद्धाने आनंदाला तशा आकृतीचे वस्त्र करता येईल काय असे विचारले आणि आनंदाने तुकडे कापून तसे वस्त्र शिवले, अशी कथा महावग्गात आहे. कापलेल्या तुकड्यांचे वस्त्र चोराच्याही उपयोगाचे राहत नाही. कापणे, काढ्यात बुडवणे आणि डाग देणे या तिन्ही क्रियांनी कापडाचे मोल उतरते, आणि रंगाचा नियम या मालिकेतलाच एक दुवा आहे.

डाग देण्याची क्रिया पातिमोक्खात, म्हणजे भिक्षूंनी दर पंधरवड्याला म्हणायच्या नियमावलीत, पाचित्तिय गटातील ५८ वा नियम म्हणून येते. नवे चीवर मिळाल्यावर निळा, चिखलाचा किंवा काळपट अशा तीनपैकी एका रंगाची खूण करून ते विद्रूप करावे, असा हा नियम आहे. त्याची पार्श्वभूमी उद्बोधक आहे : साकेताहून श्रावस्तीला जाणाऱ्या भिक्षूंना आणि परिव्राजकांना, म्हणजे अन्य पंथांच्या भटक्या संन्याशांना, वाटेत चोरांनी लुटले, राजाच्या शिपायांनी माल परत मिळवला, पण भिक्षूंना आपली वस्त्रे ओळखता येईनात. बौद्ध भिक्षू आणि इतर संन्यासी यांची वस्त्रे एकमेकांत मिसळली तर वेगळी काढता येऊ नयेत इतकी ती सारखी होती, हे या कथेने गृहीतच धरले आहे.

काषाय वस्त्र ही केवळ बौद्धांची खूण नव्हती, याला ब्राह्मणी ग्रंथांचाही दुजोरा आहे. बौधायन धर्मसूत्र संन्याशासाठी काषाय वस्त्र सांगते. पुढे संन्यासी परंपरेत गेरूने, म्हणजे लोहयुक्त तांबड्या मातीने, वस्त्रे रंगवण्याची पद्धत रूढ झाली आणि त्यातून आजचा भगवा रंग आला. गेरूचा भगवा आणि वनस्पतींच्या काढ्याचे काषाय ही एकाच वैराग्यवेषाची दोन रूपे असली, तरी द्रव्य, प्रक्रिया आणि छटा या तिन्ही बाबतींत ती भिन्न आहेत, त्यामुळे चीवराला सरसकट भगवे म्हणणे नेमके ठरत नाही. भारतीय प्रेक्षकाच्या डोळ्यांना हे चीवर कसे दिसत होते याचा एक निर्देश शूद्रकाच्या मृच्छकटिकात सापडतो : आठव्या अंकात पुष्करिणीत चीवर धुणाऱ्या भिक्षूला हिणवताना शकार त्या वस्त्राच्या रंगाला शिळ्या कुळथाच्या कढणाची उपमा देतो. शकार हा दुष्ट आणि मूर्ख पात्र असल्याने त्याची उपमा कुचेष्टेची आहे. पण प्रेक्षकाला ती पटावी यासाठी चीवराचा रंग तांबूस तपकिरी असणे आवश्यक होते.

महाराष्ट्रातील लेण्यांचा पुरावा

चीवराच्या अर्थव्यवस्थेविषयीचा एक अत्यंत स्पष्ट पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेणे क्रमांक १० मध्ये कोरवलेल्या एका लेखात, ४२ व्या वर्षी, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून गुंतवल्याची नोंद आहे. त्यांपैकी २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने ठेवले होते; मूळ रक्कम परत घ्यायची नव्हती, केवळ व्याज वापरायचे होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना पहिल्या ठेवीच्या व्याजातून प्रत्येकी १२ कार्षापण चीवरिक, म्हणजे चीवराचा खर्च, मिळावा असे लेख सांगतो. हिशेब अचूक जुळतो, कारण २,००० वर दरमहा २० प्रमाणे वर्षाला २४० कार्षापण व्याज होते आणि २० भिक्षूंना प्रत्येकी १२ दिले की तीच रक्कम संपते. कान्हेरीच्या लेखांतही चीवरिकाची तरतूद आढळते. रस्त्यावरच्या चिंध्यांपासून सुरू झालेली परंपरा इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत व्याजाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या नियमित व्यवस्थेपर्यंत पोचली होती, आणि रंगाचा नियम अशा समृद्ध काळात अधिकच अर्थपूर्ण होता. मात्र या लेखांत रंगाचा उल्लेख कोठेही नाही.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून चीवराचा रंग ठरवण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो पुरावा जपून वापरावा लागतो. तेथील चित्रकारांची रंगद्रव्ये मुख्यतः तांबडी व पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि आयात केलेला लाजवर्द अशी खनिज होती, काळ्यासाठी तेवढी काजळी. भिंतीवर दिसणारा तांबडा किंवा पिवळा रंग हा चित्रकाराच्या हाताशी असलेल्या मातीचा असतो, रंगाऱ्याच्या भांड्यातील सालीचा नसतो. त्यात शतकांचा धूर, जुने रोगण आणि दुरुस्त्या यांनी मूळ छटा बदललेल्या आहेत.

पंथांचे रंग आणि चिनी साक्षी

भारतातील निरनिराळ्या निकायांनी, म्हणजे बौद्ध पंथांनी, आपापले रंग ठरवले होते असे दोन चिनी ग्रंथ सांगतात. त्यांपैकी एक दुसऱ्या शतकात चीनमध्ये आलेल्या आन शिगाओ या पार्थियन भिक्षूच्या नावावर आहे आणि दुसरा शारिपुत्रपरिपृच्छा या नावाने ओळखला जातो. त्यांच्या मते महासांघिक पिवळे, महीशासक निळे आणि काश्यपीय मॅग्नोलिया वृक्षाच्या सालीच्या छटेचे वस्त्र वापरीत. सर्वास्तिवादी आणि धर्मगुप्तक यांच्या बाबतीत मात्र दोन्ही ग्रंथांत फेर आहे. एकात सर्वास्तिवाद्यांना गडद तांबडा व धर्मगुप्तकांना काळा रंग दिला आहे, तर दुसऱ्यात त्याच्या नेमके उलट. पंथ आणि रंग यांची सांगड स्मृतीत किती सहज उलटसुलट होते, हे या विसंगतीवरून कळते. विद्रूप करणाऱ्या तीन रंगांची यादीही पंथागणिक बदलते : धर्मगुप्तकांच्या विनयात निळा, काळा आणि मॅग्नोलियाच्या सालीचा रंग आहे, तर सर्वास्तिवाद्यांच्या विनयात निळा, चिखलाचा आणि मंजिष्ठेचा. पाली परंपरेत हे रंग ठिपक्यापुरते होते, पण चीनमध्ये ते पूर्ण वस्त्राचे विहित रंग म्हणून वाचले गेले, आणि पुढच्या बऱ्याच भिन्नतेचे मूळ या वाचनभेदात आहे.

इत्सिंग या चिनी भिक्षूने ६७१ मध्ये भारताकडे प्रस्थान ठेवले आणि ६९५ मध्ये तो चीनला परतला. आपल्या वृत्तांतात त्याने वस्त्रे रंगवण्यासाठी पिवळी वनस्पतिद्रव्ये तांबड्या मातीच्या किंवा तांबड्या दगडाच्या उगाळलेल्या पाण्यात मिसळावीत असे सांगितले असून बोराच्या झाडाच्या गाभ्याचाही उल्लेख केला आहे. जांभळा आणि गडद तपकिरी रंग भारतातील भिक्षू वापरीत नाहीत, असे त्याने ठासून लिहिले. या विधानाला समकालीन टोक आहे, कारण त्याच सुमारास, ६९० मध्ये, चीनची सम्राज्ञी वू झतिएन हिने आपल्या सत्तेला धार्मिक अधिष्ठान मिळवून देणाऱ्या भिक्षूंना जांभळ्या काषायाचा मान दिला होता. जांभळा हा तांग दरबारातील उच्च अधिकाऱ्यांचा रंग होता; तो भिक्षूच्या अंगावर आला तेव्हा दर्जा पुसण्यासाठी निर्माण झालेले वस्त्रच दर्जा दाखवू लागले.

पूर्व आशियात पुढे राज्यसंस्थेचा हात वाढतच गेला. मिंग वंशाचा संस्थापक हाँगवू (राज्यकाल १३६८–१३९८) याने भिक्षूंचे ध्यान करणारे, प्रवचन करणारे आणि कर्मकांड करणारे असे तीन वर्ग पाडून प्रत्येकाला वेगळ्या रंगाचे कपडे लावून दिले. ध्यानमार्गींना तपकिरी, प्रवचनकारांना फिकट हिरवट-निळा आणि कर्मकांड करणाऱ्यांना काळा. जपानमध्ये जांभळ्या वस्त्रावरून थेट राजकीय पेच उद्भवला. सम्राटाने वरिष्ठ भिक्षूंना जांभळे वस्त्र बहाल करण्याच्या अधिकारावर तोकुगावा शोगुनशाहीने बंधने आणली, १६२७ मध्ये आधीची अनेक दाने रद्द ठरवली, विरोध करणाऱ्या ताकुआन सोहो या झेन आचार्याला १६२९ मध्ये हद्दपार केले, आणि त्याच वर्षी सम्राट गो-मिझुनोओ पदावरून दूर झाला. कोरियात भिक्षूंचे रोजचे कपडे राखाडी असून वरच्या कासाचा, म्हणजे काषायाचा, रंग जोग्ये पंथात तपकिरी आणि तेगो पंथात लाल आहे. हा भेद विसाव्या शतकातील पंथीय फुटीशी जोडलेला आहे. तेव्हा रंगावरून दर्जा किंवा वर्ग ओळखण्याची कल्पना निराधार नाही, परंतु ती पूर्व आशियातील राजनियमांची निर्मिती आहे आणि तिला विनयाचा आधार नाही.

तिबेट आणि आग्नेय आशिया

तिबेटी भिक्षू मूलसर्वास्तिवादी विनय पाळतात आणि त्यांचे रोजचे वस्त्र गडद तांबडे असते. हिमालयीन प्रदेशात मंजिष्ठा सहज मिळते आणि तिच्या मुळांचा रंग लोकरीवर पक्का बसतो. पाली भाष्याने जी वनस्पती वगळली, तिचाच रंग उत्तरेकडील परंपरेत प्रतिष्ठित झाला. विशेष विधींच्या वेळी तिबेटी भिक्षू तुकड्यांचे पिवळे उत्तरासंगही अंगावर घेतात, त्यामुळे तिबेटी भिक्षू पिवळे वापरत नाहीत हाही गैरसमजच आहे. त्यांच्या बंडीच्या कडेला दिसणाऱ्या निळ्या धाग्याविषयी परंपरा सांगते की नवव्या शतकातील छळानंतर तिबेटमध्ये भिक्षुदीक्षेची परंपरा पुन्हा सुरू करताना उपसंपदेसाठी लागणारी भिक्षूंची संख्या पुरी करणाऱ्या दोन चिनी भिक्षूंची ती आठवण आहे. पिवळ्या टोपीचा पंथ हे गेलुग परंपरेचे प्रचलित नाव टोपीपुरते आहे. त्सोंखापा (१३५७–१४१९) याच्या या परंपरेतील भिक्षूही इतरांप्रमाणेच तांबडे वस्त्र नेसतात.

थेरवादी देशांत रंगाचा निर्णय बराच काळ झाडांनीच केला. थायलंडच्या अरण्यवासी परंपरेत फणसाच्या लाकडाच्या गाभ्याचे तुकडे उकळून त्या काढ्यात चीवर रंगवण्याची आणि वेळोवेळी त्यातच धुण्याची पद्धत आजही टिकून आहे. कोकणात फणसाचे लाकूड हाताळणाऱ्यांना तो पिवळसर तपकिरी रंग ओळखीचा असेल. म्यानमारमध्ये गडद मरून छटा रूढ झाली. या देशांत चीवरावरून जे मोठे वाद झाले, ते रंगापेक्षा ते पांघरण्याच्या पद्धतीवरून झाले, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. अठराव्या शतकात ब्रह्मदेशात गावात जाताना एक खांदा उघडा ठेवावा की दोन्ही झाकावेत यावर संघात दीर्घ कलह चालला आणि बोदोपया राजाने (राज्यकाल १७८२–१८१९) दोन्ही खांदे झाकणाऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. श्रीलंकेतही सियाम निकायाचे भिक्षू एक खांदा उघडा ठेवतात आणि अमरपुर व रामञ्ञ निकायांचे भिक्षू दोन्ही झाकतात. पंथ ओळखण्यासाठी ही खूण रंगापेक्षा अधिक विश्वसनीय आहे.

विल्यम पर्किन याने १८५६ मध्ये पहिला कृत्रिम अॅनिलिन रंग तयार केला आणि १८६८ मध्ये मंजिष्ठेतील रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनवता आले. त्यानंतर स्वस्त, एकसारखे आणि न विटणारे रंग आशियाच्या बाजारात पोचले आणि चीवरही तयार वस्त्र म्हणून विकले जाऊ लागले. पर्यटकांच्या छायाचित्रांतून जगाला परिचित झालेला झळझळीत नारिंगी हा या कारखानदारीचा रंग आहे, बुद्धकालीन काढ्याचा नव्हे. याच छायाचित्रांनी घडवलेल्या प्रतिमेमुळे २००७ मध्ये म्यानमारमध्ये इंधनदरवाढीनंतर लष्करी राजवटीविरुद्ध भिक्षू रस्त्यावर उतरले तेव्हा जागतिक माध्यमांनी त्या आंदोलनाला केशरी क्रांती म्हटले. रस्त्यांवर लोटलेला तो समुदाय प्रत्यक्षात बहुतांशी मरून वस्त्रांतला होता.

पांढरा, गुलाबी आणि ध्वजाचे रंग

बौद्ध समाजात रंगाचा एक भेद खरोखर प्राचीन आहे, तो म्हणजे गृहस्थ आणि प्रव्रजित यांच्यातला. पाली ग्रंथांत उपासकाला पांढरी वस्त्रे धारण करणारा गृहस्थ असे म्हटले आहे आणि न रंगवलेले पांढरे कापड भिक्षूला चालत नाही. थायलंडमधील मे ची या साधिका पांढरी वस्त्रे नेसतात, तर म्यानमारमधील थिलाशिन या साधिका गुलाबी. थेरवादी परंपरेत भिक्षुणीसंघ खंडित झाल्यामुळे त्यांना भिक्षुणीचे स्थान आणि चीवर मिळालेले नाही, आणि गुलाबी वा पांढऱ्या रंगामागे कोमलतेचे किंवा शुद्धतेचे प्रतीक शोधण्यापूर्वी ही संस्थात्मक अडचण समजून घेणे गरजेचे आहे. महाराष्ट्रात या प्राचीन भेदाला आधुनिक इतिहासाची जोड मिळाली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली तेव्हा ते पांढऱ्या वेषात होते, आणि आजही मराठी बौद्धांच्या विवाहात, वंदनेत व धम्मविधींत पांढऱ्या वस्त्रांना अग्रस्थान आहे; प्राचीन उपासकाच्या वेषाशी हे पूर्ण सुसंगत आहे.

पंचरंगी बौद्ध ध्वजाचे रंग चीवरांवरून घेतले आहेत, ही समजूतही दुरुस्त करण्याजोगी आहे. हा ध्वज १८८५ मध्ये कोलंबो येथे तयार झाला आणि त्याचे निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि मंजिष्ठ हे रंग बुद्धाच्या देहातून निघालेल्या प्रभेच्या वर्णनातून आले. या पाचांपैकी निळा, पिवळा, लाल आणि मंजिष्ठ हे चार रंग महावग्गातील निषिद्ध यादीत आहेत आणि पाचवा, पांढरा, गृहस्थाचा आहे. म्हणजे ध्वजावरचा एकही रंग संपूर्ण वस्त्राला लावला असता ते पाली विनयानुसार चीवर ठरणार नाही.

या सर्व पुराव्यांचा निष्कर्ष असा की चीवराच्या रंगाचा इतिहास हा प्रतीकांचा इतिहास म्हणून वाचला तर चुकतो आणि वस्तूंचा व सत्तांचा इतिहास म्हणून वाचला तर उलगडतो. गळून पडणाऱ्या पिवळ्या पानाचे, ज्ञानाग्नीचे किंवा वैराग्याचे अर्थ उपासकांच्या भक्तीतून नंतर जोडले गेले. त्यांना भावनिक मोल आहे, पण ते नियमाचे कारण नव्हेत. विनयाला हवे होते ते एवढेच की कापड विकण्याजोगे राहू नये, डोळ्यांत भरू नये आणि गृहस्थाच्या पोशाखापासून वेगळे दिसावे. ही अट मरून, तपकिरी, राखाडी आणि मळकट पिवळा यांपैकी कोणताही रंग पुरी करू शकतो. म्हणून यांतील एकालाच खरा बौद्ध रंग ठरवून बाकीच्यांना अपभ्रंश मानणे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.